उसना नकार

फिजीच्या राजधानीत, सुवाच्या बाजाराबाहेर, बसस्टँडच्या तोंडाशी, इसिमेली द्राउनाला त्याच्या मामाच्या मुलानं गाठलं, तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. सामुएला त्याचा तावाले. मामे-आतेभावांचं हे नातं म्हणजे थट्टेचा जन्मसिद्ध परवाना, त्यामुळे सामुएलानं आधी त्याच्या सुटलेल्या पोटावर टिचकी मारली, एके काळी या पोटावर आपटून माणसं परत फिरायची असं दोन भाजीवाल्या बायकांना ऐकवलं आणि मग मुद्द्यावर आला. पुढच्या आठवड्यात बहिणीचं लग्न होतं. सामान आणायला शनिवारी इसिमेलीच्या कारखान्याचा मोठा ट्रक हवा होता, दिवसभर. इसिमेलीच्या तोंडून, श्वास बाहेर पडावा तितक्या सहज, वाक्य बाहेर पडलं. "बघतो. जगदेवला विचारून सांगतो." जगदेव त्याचा धंद्यातला भागीदार. सामुएला हसायला लागला. वाईट हसला नाही. खरंच गंमत वाटली म्हणून हसला. "कुणाला विचारून? जगदेव तर शुक्रवारी चाव्या देऊन मोकळा झाला म्हणे. येत्या शनिवारी ब्रिस्बेनला चाललाय पोरीकडे. आता काय राव, समुद्रापार फोन लावून विचारणार?"

इसिमेलीनं तोंड उघडलं आणि त्यात दुसरं वाक्यच नव्हतं. पायरीवर पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, भरदार, उदार, सगळ्या नादरोगा प्रांताला ओळखीचा: घेऊन जा ट्रक, त्यात काय विचारायचं. सामुएलानं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो गर्दीत शिरला. इसिमेली आपल्या गाडीत जाऊन बसला, पण त्यानं गाडी लगेच सुरू केली नाही. शनिवारी ऑकलंडचा कंटेनर भरायचा होता. ट्रकशिवाय तो भरता येणार नव्हता. हे त्याला आत्ता आठवलं असं नाही. हो म्हणतानाही ते माहीत होतंच.

तसा तो घाबरणारा माणूस नव्हता. बावन्नाव्या वर्षीसुद्धा तो चालायला लागला की फुटपाथवरची माणसं नकळत बाजूला होत. त्या शरीरावर त्याचा विश्वास होता आणि शरीरानं त्याला फारसं कधी फसवलं नव्हतं. सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर रग्बीचे मास्तर वाइसाके पोरांना पहाटे अनवाणी पळवायचे. वर चढताना वाळू पायाखालून निसटायची, तीन पावलं टाकली की दोन मागे, आणि टेकडीच्या माथ्यावर मास्तर उभे असायचे, हातात काठी, तोंडात एकच धडा. ज्याला अडवायचं त्याच्या पोटाकडे बघा. तोंड फिरवू नका. तोंड फिरवलं की मार आपल्यालाच लागतो. इसिमेलीनं ते असं गिरवलं की पुढं हाँगकाँगच्या मैदानावर, त्याच्याहून वजनानं दीडपट असलेली माणसं अंगावर येत असतानाही त्याचे डोळे कधी मिटले नाहीत. अंग आदळायच्या आधीच्या त्या क्षणात त्याला एक विचित्र शांतता मिळायची. सगळा गोंगाट मिटायचा, समोरच्याच्या जर्सीची शिवणसुद्धा दिसायची. ती शांतता त्याला नंतर कुठंच मिळाली नाही. चर्चमधल्या प्रार्थनेतही नाही.

फक्त एकदा त्यानं तोंड फिरवलं. जपानमध्ये, सहाव्या वर्षी, शेवटच्या हंगामात. ओसाकाजवळच्या एका गोठवलेल्या मासळीच्या कंपनीसाठी तो खेळायचा. सकाळी त्यांच्या शीतगृहात काम, दुपारी सराव. दुसऱ्या कंपनीचा जो खेळाडू चेंडू छातीशी धरून सरळ त्याच्याकडे धावत आला, तो वुनीवाऊचा होता. त्याच्याच गावचा, त्याच्याच चर्चच्या बाकावर बसून मोठा झालेला. इसिमेलीनं त्याचा चेहरा पाहिला, आणि त्या पळभरात त्याचं स्वतःचं तोंड डावीकडे वळलं. खांदा निखळला तो निखळलाच. दवाखान्यात डॉक्टर हाडाचा फोटो दाखवत होता आणि इसिमेली मनाशी म्हणत होता, परक्याला मी शंभरदा पाडलं असतं. हे वाक्य तेव्हा त्याला अभिमानाचं वाटलं होतं.

त्या शीतगृहात कुवाबारा नावाचा एक मुकादम होता. इसिमेलीच्या काखेत मावेल एवढा माणूस. येणाऱ्या प्रत्येक ट्रकमध्ये चढून तो तापमान बघायचा, आणि ते एका अंशानंही चढलेलं असलं तर सबंध ट्रक परत पाठवायचा. ड्रायव्हर हाता-पाया पडायचे. कुवाबारा आवाज चढवायचा नाही, नजर चुकवायचा नाही. कमरेत वाकून, एखाद्या पाहुण्याला निरोप द्यावा तसा नकार द्यायचा आणि ट्रकचं दार स्वतः लावून द्यायचा. इसिमेलीनं त्याच्याकडून थंडीचं सगळं शास्त्र उचललं. फिजीत कसावा नि अळकुडीसारखा दालो हे कंद मातीमोलानं जातात, ते सोलून, कापून, गोठवून परदेशातल्या आपल्याच माणसांना विकता येतील, ही कल्पना त्याला त्याच खोलीत, नाकातला श्वास गोठत असताना सुचली. पण ते वाकणं त्यानं उचललं नाही. ते त्याला कामाचं वाटलं नव्हतं.

परत आल्यावर कारखान्याच्या आधी एक दुकान झालं होतं, वुनीवाऊतच. ते अकरा महिने चाललं. बिस्किटं, साबण, टिनातली मासळी, रॉकेल. आपल्या माणसानं आपल्या माणसाकडे मागायचं आणि त्यानं द्यायचं, ही गावाची रीत. केरेकेरे म्हणतात तिला. तिच्यात लबाडी नाही. इसिमेली चौदा वर्षांचा असताना याच गावानं मागून-मागून त्याच्या पहिल्या बुटांची सोय केली होती. त्यामुळे कुणी दुकानाच्या दारात येऊन खाली बसलं आणि हलकेच टाळी वाजवून मागितलं की इसिमेली द्यायचा, आणि देताना त्याला बरंच वाटायचं, हे खोटं कशाला बोला. अकराव्या महिन्यात फळ्या रिकाम्या झाल्या. त्या दिवशी घाऊक व्यापाऱ्याची गाडी घेऊन जगदेव बिसेसर आला होता. सिगाटोका खोऱ्यातल्या ऊसवाल्याचा मुलगा, पणजोबा हिंदुस्थानातून गिरमिटात, मजुरीच्या करारावर आलेला. काडीसारखा अंगानं, चष्म्याला एका बाजूनं दोरा. तो रिकाम्या फळीवर बसला, इसिमेलीनं दिलेला नारळ प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, तुला सगळं येतं. नाही म्हणता येत नाही. मला फक्त तेवढंच येतं. बोल, करायचा का धंदा?"

एकोणीस वर्षं. वातुवांगाच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड, मग दोन, मग शीतगृह, मग साठ बायका सोलायला. पाकिटावर इसिमेलीचा जुना फोटो, चेंडू काखेत, दात दिसतायत. मागायला येणारं माणूस आधी इसिमेलीच्या खोलीत यायचं. तिथं याकोनाचा, मुळ्यांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाचा, वाडगा फिरायचा, सामन्यांच्या आठवणी निघायच्या, आणि शेवटी इसिमेली कळवळून म्हणायचा की माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं, पण जगदेवला विचारायला हवं. मग शेजारच्या खोपट्यातून जगदेव यायचा, चष्मा काढून पुसायचा आणि म्हणायचा, "जमणार नाही." एवढंच. माणूस जायचं ते इसिमेलीला मिठी मारून आणि जगदेवकडे न बघता. दार बंद झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. निदान इसिमेली हसायचा. जगदेव हसायचा की नाही, हे आठवायचा त्यानं त्या मंगळवारी गाडीत बसल्या बसल्या प्रयत्न केला, तर त्याला फक्त चष्मा पुसणारे हात आठवले.

आणि मग, नको असताना, बापाची मयत आठवली. सहा वर्षांपूर्वीची. जगदेव बायकोला घेऊन वुनीवाऊला आला होता. रीतीप्रमाणे चटया, कापडाचा तागा, रॉकेलचा डबा, सगळं बिनचूक आणलं होतं. शोकाच्या मांडवात गाव दाटीवाटीनं बसलेलं. कुणी काही बोललं नाही. फक्त कुणी सरकलं नाही. जगदेव क्षणभर उभा राहिला, मग बाहेर फणसाच्या झाडाखाली जाऊन बसला, चपला हातात धरून, संध्याकाळपर्यंत. इसिमेली मांडवाच्या मध्यात होता. त्यानं पाहिलं होतं. इकडे ये, असे दोन शब्द लागले असते. त्या वेळी त्यानं स्वतःला समजावलं की मयतीच्या दिवशी माणसाचं लक्ष ठिकाणावर नसतं.

कारखान्यात पोचल्यावर अकेनेतानं त्याला दारातच अडवलं. अकेनेता कादावू बेटावरची, चौदा वर्षं सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करत होती. केसांवर जाळी न घालता आत आला म्हणून तिनं एकदा खुद्द मालकालाही बाहेर काढलं होतं. वुनीवाऊहून फोन होता, ती म्हणाली. थोरले येतायत गुरुवारी. आणि रिकाम्या हातानं येत नाहीयेत.

थोरले म्हणजे इसिमेलीच्या बापाचे थोरले भाऊ, सेताकी. इकडच्या रीतीनं तोही बापच. गावप्रमुखाचा शब्द बाहेर नेणं हे त्यांचं काम. ते रिकाम्या हातानं येत नाहीत म्हणजे तांबुआ आणणार, व्हेलचा दात. आणि तो कशासाठी, हे सबंध कारखान्याला ठाऊक होतं. जगदेवच्या रिकाम्या खुर्चीवर गावप्रमुखाचा मुलगा रातू एपेली बसावा, ही गावाची इच्छा महिनाभर या ना त्या तोंडून येतच होती. तांबुआ समोर आला की मागणं मान्य करायचं असतं. नाकारता येतो, पण तोही मानानं परत करावा लागतो, आणि त्याला शब्द लागतात. इसिमेलीनं अकेनेताला ट्रकचं सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, शनिवारी कंटेनर आहे. त्यानं मान हलवली. ती म्हणाली, "मग आता कोण सांगणार सामुएलाला?" विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

ते दोन दिवस इसिमेलीनं कसे काढले हे कुणी विचारलं असतं तर त्यानं मजेत म्हणूनच सांगितलं असतं. वरवर तसंच होतं. तो हिंडला, हसला, गोदीत जाऊन आला. पण आत काहीतरी सुटं झालं होतं. रस्त्यात हाका मारणारी माणसं त्याला नेहमीसारखीच गोड वाटत होती, आणि त्या गोडव्याचं मोल एकोणीस वर्षं कुणी दिलं ते आता दिसत होतं. सुवात हिंदुस्थानी माणसाला चिक्कू म्हणणं फार सोपं असतं. म्हणायच्या आधी विचारसुद्धा करावा लागत नाही. इसिमेलीनं कधी म्हटलं नव्हतं. त्यानं फक्त लोकांना म्हणू दिलं होतं. हे कळल्यावर त्याला लाज वाटली, पण लाजेच्या तळाशी एक जुनी, ओळखीची गोष्ट हलली. टेकडी चढताना पोटऱ्या जळायला लागल्या की आतून कुणीतरी म्हणायचं ना, अजून आहे तुझ्यात, तसं.

बुधवारी दुपारी त्यानं फोन लावला. "सामुएला, ट्रक शनिवारी मिळणार नाही. रविवारी ने."

मग सामुएलानं विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी बोलतोय."

"जगदेव शेजारी बसलाय का?"

"नाही. मी एकटाच आहे."

सामुएला कुरकुरला, आतेभावाला हिंदुस्थानी हवा लागली म्हणाला, मग रविवार तर रविवार म्हणून त्यानं लग्नाला लवकर यायला बजावलं. इसिमेलीनं फोन ठेवला. छत कोसळलं नव्हतं. तो शीतगृहाचं तापमान बघायला गेला, जे बघायची काही गरज नव्हती.

गुरुवारी थोरले आले ते दोघांना बरोबर घेऊन, पहिल्या बसनं, इस्त्रीच्या सुलूत, लुंगीसारख्या वस्त्रांत. इसिमेलीनं खोलीतलं टेबल बाहेर काढून चटई अंथरली होती. याकोनाची जुडी दिली-घेतली गेली, वाडगा फिरला, गावाची खबरबात झाली. मग थोरले गुडघ्यांवर पुढं सरकले. पंचाहत्तरीचा माणूस, पण आवाज अजून खणखणीत. दोन्ही हातांत दोरीसकट तो पिवळट दात. ते बोलले ते नेहमीच्या, सुंदर, वळणं घेत जाणाऱ्या भाषेत: ज्या नदीचं पाणी इसिमेली प्यायला तिची आठवण, त्याच्या बापाची, पहिल्या बुटांची, आणि शेवटी रातू एपेलीची. इसिमेलीनं तांबुआ दोन्ही हातांत घेतला. तो हाताला कोमट लागला. दोघं सोबती घोगऱ्या टाळ्या वाजवायला हात उचलत होते, आणि थोरल्यांचे डोळे त्याच्यावर होते. आता उजवीकडचं दार उघडेल आणि चष्मा पुसत कुणीतरी येईल, असं इसिमेलीच्या शरीराला अजून वाटत होतं. मानेचा स्नायू तिकडं वळायला खेचला गेला. त्यानं मान वळू दिली नाही. थोरल्यांच्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला. भिंतीपलीकडचा यंत्रांचा आवाज मिटला. त्यांच्या भुवईतला एक लांब पांढरा केस त्याला दिसला. मग तो वाकला, कपाळ जवळजवळ चटईला लागेपर्यंत.

"थोरले, हा दात मी घेतला, डोक्याला लावला. आता तो मी तुमच्या पायाशी परत ठेवतो. रातू एपेली चांगला माणूस आहे. इतका चांगला की त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. तो माझ्यासारखाच आहे, थोरले. माझ्यासारखे दोघं इथं बसलो तर हा कारखाना दुसऱ्या पावसाळ्याला दिसणार नाही. ती खुर्ची मी कादावूच्या अकेनेताला देतोय. हे मी ठरवलंय. दुसऱ्या कुणी नाही."

सोबत्यांपैकी एकाचे हात अजून अर्धे उचललेलेच होते. ते त्यानं हळूच मांडीवर ठेवले. थोरल्यांनी समोरच्या दाताकडे बघितलं. ते रागावले असते तर इसिमेली तयार होता. रडले असते तरी तयार होता. ते म्हणाले, "मग हे तू आजवर का बोलला नाहीस?"

उत्तराची वाट न बघता थोरलेच पुढं म्हणाले.

"आम्हाला काय कळत नव्हतं? गावातल्या कोंबड्यांना ठाऊक होतं नकार कुणाचा ते. तू सगळ्या दुनियेच्या अंगावर गेलास. आम्ही मागायला आलो की त्या काडीपैलवानाच्या मागे लपायचास. आम्ही इतके परके?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझा राग आम्हाला तुझ्यावर काढता येईना. तुझा फोटो माझ्या घरात लावलेला. मग तो त्याच्यावर काढला. तुझा बाप गेला तेव्हा त्याला जागा द्यायची नाही हे मीच सांगितलं होतं. माणसं विचारत होती, सरकू का. मी डोळ्यानं नको म्हटलं."

चटईवरचा वाडगा कुणीतरी उगाचच इंचभर सरकवला. इसिमेलीच्या मनात आलं की आपण पाहिलं होतं म्हणावं, आणि तो म्हणाला. "मी पाहिलं होतं, थोरले. मीही बोलावलं नाही." मग थोरल्यांनी तांबुआ उचलला, दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि विचारलं, "राहतो कुठं तो?"

सामाबुलाच्या चढावरचं जगदेवचं घर निम्मं रिकामं झालं होतं. खोकी, गुंडाळलेल्या गाद्या, भिंतीवर देवांच्या तसबिरींचे फिकट चौकोन. त्याची बायको कलावती तव्यावर रोट्या टाकत होती. चार दांडगी माणसं दारात बघून तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग निमूट कणीक वाढवली. जगदेव म्हणाला, "पुन्हा कुणाला नाही म्हणायचं राहिलंय का? मी निवृत्त झालोय हो." पण थोरले खाली बसले, उघड्या फरशीवर, आणि त्यानं पुढचा विनोद गिळला. क्षमा मागायला आलेला माणूस असाच बसतो, हे त्या देशात कुणाला सांगावं लागत नाही. जगदेव घाईघाईनं खाली बसला, खोक्याला कोपर आपटून.

थोरले तोंड उघडणार, तोच इसिमेलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मी बोलतो, तो म्हणाला. बोलायचा मान त्यांचा होता. पण त्यांनी तांबुआ त्याच्याकडे दिला. इसिमेली आयुष्यात खूप बोलला होता, सामन्यानंतर, समारंभांत, उद्घाटनांत. आता त्याला एकही सजवलेला शब्द आठवला नाही.

"जगदेव, नाही मी म्हणायला हवं होतं. तुला म्हणायला लावलं. लोक तुझा राग करत होते आणि मी मिठ्या घेत होतो. बापाच्या मयतीला तू बाहेर बसलास, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. आम्ही चुकलो. मी जास्त चुकलो."

जगदेवनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसला. चष्म्याविना त्याचा चेहरा कोवळा, अनोळखी दिसत होता. "मला वाटायचं तुला कळत नसेल," तो म्हणाला. "न कळणाऱ्यावर राग धरता येत नाही. म्हणून मी तसंच धरून चाललो होतो." थोडं थांबून म्हणाला, "फार दिवस लावलेस, भाऊ." आणि त्यानं दोन्ही हात पुढं करून तो दात घेतला, जरा चुकीच्या बाजूनं, थोरल्यांनी त्याची बोटं नीट केली. मग खोलीतल्या बाकी चौघांनी पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि स्वयंपाकघरातून कलावतीनं, पिठाच्या हातांनी, दोन उशिरा वाजवल्या.

जेवताना जगदेवला अडचण आठवली. हा दात विमानातून नेता येत नाही. सरकारी कागद लागतात, शनिवारपर्यंत मिळायचे नाहीत. आणि हे घर तर विकलं. ठेवू कुठं? तो खरोखरच काळजीत पडला होता. थोरल्यांनी रोटी डाळीत बुडवली, सावकाश चावली. "वुनीवाऊत ठेवू," ते म्हणाले. "माझ्या घरात, माझ्या उशाशी. वस्तू तुझी, घर आमचं. वर्षातून एकदा येऊन बघून जायचं. ज्याची वस्तू आपल्याकडे आहे त्याला यावंच लागतं."

जगदेवनं बायकोकडे पाहिलं, मग ताटाकडे. "येईन," तो म्हणाला. "पण तुमच्याकडं नदीची मासळी करतात ना. काट्यांची. मला काटे काढता येत नाहीत."

"तू बस तर खरा," थोरले म्हणाले. "काटे आम्ही काढून देऊ."